औषधींच्या मुळावर उठलेला कृमी

जी वनस्पती माणसाचा रोग बरा करते, तिला स्वतःला रोग कसा होईल, असे पुष्कळांस वाटते. हा समज खरा नाही, हे आम्हांस येथे सांगावयाचे आहे. अश्वगंधेचेच उदाहरण घेऊ. मध्य प्रदेशातील मंदसौर व नीमच या जिल्ह्यांत तिची मोठी शेती होते. तिचे मूळ हेच औषध आणि तेच शेतकऱ्याचे उत्पन्न. पण नेमक्या त्या मुळावरच एक सूक्ष्म कृमी उठतो आणि तेथे गाठी निर्माण करतो. त्यास मूळगाठ सूत्रकृमी म्हणतात.

सूत्र म्हणजे दोरा. या कृमीचे पिलू दोऱ्यासारखे असून त्याची लांबी अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असते. १८५५ साली इंग्लंडमध्ये बर्कले यांनी काकडीच्या मुळांवरील अशा गाठींचे वर्णन केले. भारतात १९०१ साली बार्बर यांनी दक्षिणेकडील चहाच्या मळ्यात त्या आढळल्याची नोंद केली.

गाठ होते कशी? पिलू मुळाच्या कोवळ्या टोकाजवळून आत शिरते, रसवाहिन्यांजवळ ठाण मांडते आणि आपल्या लाळेतील द्रव्यांनी तेथील काही पेशी अवाढव्य फुगविते. या पेशी म्हणजे त्याचे धान्याचे कोठारच. मादी पुढे जागची हलत नाही. ती फुगून नासपतीसारखी होते आणि चिकट वेष्टनात शेकडो अंडी घालते. उबदार मातीत हे चक्र सुमारे महिन्याभरात पुरे होते. इकडे पाणी व क्षार वर नीट न पोचल्यामुळे झाड पिवळे पडते, खुरटते आणि जमिनीत ओल असूनही भर दुपारी माना टाकते.

मात्र मुळावरील प्रत्येक गाठ शत्रूची नव्हे. भुईमुगाच्या मुळांवरील गाठींत हवेतील नत्र पिकास मिळवून देणारे जिवाणू राहतात. त्या गाठी मुळाच्या बाजूस चिकटलेल्या असून नखाने सहज सुटतात. सूत्रकृमीची गाठ म्हणजे सुजलेले मूळच. ते मोडल्यावाचून ती निघत नाही.

आता झेंडू पाहा. त्याच्या अनेक जातींच्या मुळांत शिरलेल्या पिलांपैकी बहुतेकांची वाढच होत नाही. १९५८ साली हॉलंडमधील शास्त्रज्ञांनी झेंडूच्या मुळांतून सूत्रकृमींस मारक असे एक द्रव्य वेगळे केले. त्याचे नाव अल्फा-टर्थायनिल. शत्रूची वंशवृद्धी रोखण्याच्या या गुणास प्रतिकारशक्ती म्हणतात. सहनशीलता निराळी. सहनशील झाड स्वतः तग धरते, परंतु आपल्या मुळांत कृमी वाढू देते आणि ते पुढच्या पिकास भोवतात.

प्रतिकारशक्ती आनुवंशिक असते, ही आशेची गोष्ट. १९४४ साली अमेरिकेत पेरू देशाच्या रानटी टोमॅटोशी संकर साधून हा गुण बागेतील टोमॅटोत आणण्याचा मार्ग खुला झाला. तरीही माती फार तापली, म्हणजे सुमारे २८ अंश सेल्सियसच्या वर गेली, की तो दुबळा पडतो. अश्वगंधेसारख्या औषधींतही अधिक प्रतिकारक वाण शोधणे म्हणूनच अगत्याचे आहे.

तोवर काय करावे? जे मूळ रोग्याच्या पोटात जावयाचे, त्याभोवती जहाल विष ओतणे शहाणपणाचे नाही. उन्हाळ्यात खोल नांगरट करून माती तापू द्यावी, लागवडीपूर्वी निंबोळी पेंड घालावी आणि फेरपालटीत झेंडूचे दाट पीक घ्यावे. बांधावर चार रोपे लावून भागत नाही; झेंडूचा प्रभाव त्याची मुळे पोचतात तेवढ्याच मातीवर पडतो.

विद्यार्थिमित्रांनो, शाळेच्या बागेतील वांग्याचे वा भेंडीचे वाळलेले झाड उपटाल, तेव्हा ते तसेच फेकू नका. मुळे धुऊन नीट पाहा. गाठी दिसल्या, तर ती मुळे खतखड्ड्यात न टाकता जाळून टाका आणि त्या वाफ्यात पुढे झेंडू लावा.