गीतांची भाषा आणि कायद्याची मोजणी : फ्रान्समधील व्यापारी नभोवाणी

फ्रान्समधील ‘एन्-एर्-झी’ या नभोवाणी-जाळ्याच्या नावात एक लहानसा भाषिक विनोद आहे. रोमन लिपीतील ही तीन अक्षरे फ्रेंच उच्चाराने सलग म्हटली की ‘ऊर्जा’ या अर्थाचा फ्रेंच शब्द ऐकू येतो. १९८१ साली झां-पॉल बोदक्रू यांनी स्थापन केलेले हे केंद्र आरंभी पॅरिसपुरतेच होते. त्याच वर्षीच्या ९ नोव्हेंबरच्या कायद्याने खाजगी स्थानिक केंद्रांना मान्यता मिळाली. १९८४ मध्ये जाहिरातींवरील बंदी उठली आणि त्या उत्पन्नाच्या बळावर अशा काही केंद्रांची देशव्यापी जाळी विणली गेली.

या जाळ्यांचे अर्थकारण भाषाभ्यासकानेही ध्यानात घेणे आवश्यक आहे. जाहिरातदारास विशिष्ट वयाचा श्रोता हवा असतो. अनोळखी गीत लागताच तो दुसरे केंद्र लावील, ही चालकांची नित्य चिंता. परिणामी गीतांची यादी आखूड होते आणि आवर्तने वाढतात. यादीत आधी गाजलेल्या इंग्रजी गीतांना सहज प्रवेश मिळतो. नव्या फ्रेंच गायकास दाराशीच थांबावे लागते.

हे दार उघडण्यासाठी फेब्रुवारी १९९४ मध्ये कायदा झाला. १ जानेवारी १९९६ पासून, श्रोते प्रामुख्याने ऐकत असतात त्या वेळांत किमान ४० टक्के गीते फ्रेंच असावीत व त्यांतील निम्मी तरी नव्या कलावंतांची वा नव्या निर्मितीची असावीत, असे बंधन आले. २००० साली तरुणांच्या केंद्रांसाठी ३५ टक्के आणि जुन्या गीतांच्या केंद्रांसाठी ६० टक्के असे पर्यायही देण्यात आले.

येथे मोजली जाते ती गीताच्या शब्दांची भाषा. गायकाचे राष्ट्रीयत्व नव्हे. बेल्जियमच्या स्त्रोमाय याची फ्रेंच गीते मोजणीत येतात. दाफ्त पंक या फ्रेंच जोडीचे २०१३ मधील ‘गेट लकी’ हे गीत, शब्द इंग्रजी असल्यामुळे, येत नाही. त्याच कलमात देशातील प्रादेशिक भाषांनाही फ्रेंचच्या जोडीला बसविले आहे, ही गोष्ट फ्रान्सच्या एकभाषिक परंपरेत लहान नव्हे.

तथापि, कायद्याला भाषा मोजता येते. भाषेची रीत मोजता येत नाही. १९९६ च्या सुमारास ‘स्कायरॉक’ या जाळ्याने फ्रेंच रॅपची कास धरली. रॅप हे शब्दबहुल गायन. त्यातून उपनगरांतील तरुणांची ‘व्हेर्लां’ ही बोली देशभर ऐकू येऊ लागली. ‘लांव्हेर’, म्हणजे ‘उलट’, या शब्दाचीच अक्षरे उलटून हे नाव सिद्ध झाले आहे. तसेच ‘फू’, म्हणजे ‘वेडा’, याचे ‘उफ’ होते. मराठी मुलांच्या ‘च’च्या भाषेशी हिचे नाते उघड आहे, फरक इतकाच, की व्हेर्लांमधील कित्येक शब्द आता कोशांत शिरले आहेत. व्हेर्लां रॅपहून जुनी असल्याने तिच्या प्रसाराचे सारे श्रेय कायद्यास देणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु प्रमाण भाषेच्या कैवाऱ्यांनी उभारलेल्या कुंपणाचा लाभ त्यांना अप्रिय अशा बोलीस झाला, हे नाकारता येत नाही.

दुसरी पळवाट जाळ्यांच्या स्वभावातूनच निघाली. मोजणी प्रत्येक वादनाची असल्याने मोजकीच फ्रेंच गीते पुनःपुन्हा वाजवून टक्केवारी भरता येत असे. म्हणून २०१६ च्या कायद्याने अशी तरतूद केली की एखाद्या केंद्रावरील दहा सर्वाधिक वाजलेली फ्रेंच गीते एकूण फ्रेंच वादनांच्या निम्म्याहून अधिक भरली, तर त्यावरील वादने हिशेबात धरू नयेत. भाषेच्या रक्षणास निघालेला कायदा अशा रीतीने तेच ते गीत किती वेळा वाजले, हे मोजू लागला. १ जानेवारी २०२२ पासून हा हिशेब ‘आर्कॉम’ या नियामक संस्थेकडे आहे.