एकट्याचे गीत, चौघांचे नाव

जून १९६५मध्ये लंडनच्या ईएमआय ध्वनिमुद्रणगृहात पॉल मॅकार्टनी यांनी केवळ गिटारच्या साथीने 'यस्टरडे' गायिले, तेव्हा बीटल्सचे अन्य तिघे त्यात नव्हतेच. निर्माते जॉर्ज मार्टिन यांच्या सूचनेवरून दोन व्हायोलिने, एक व्हिओला व एक चेलो यांची संथ साथ त्यास मागाहून लाभली. रॉक-वाद्यवृंदाच्या लौकिकाशी हे विरहगीत विसंगत ठरेल, या धास्तीने ब्रिटनमध्ये त्याची स्वतंत्र तबकडी काढण्यास मंडळींनी मंजुरी दिली नाही. अमेरिकेत मात्र कॅपिटॉल कंपनीने सप्टेंबरात ती बाजारात आणताच श्रोत्यांनी डोक्यावर घेतली आणि ऑक्टोबरात सलग चार आठवडे बिलबोर्डच्या यादीत तिचाच अंमल चालला. ब्रिटनमध्ये ही तबकडी निघाली १९७६ साली, वाद्यवृंद विभक्त झाल्यानंतर. तरीही ती पहिल्या दहांत पोहोचली.