छत्री घरची, चित्र कुणाचे?

मुंबईच्या उपनगरी गाडीतून प्रवास करताना रुळांलगतच्या इमारतींकडे पाहिले, तर गच्च्यांवर आणि खिडक्यांच्या गजांवर बसविलेल्या दूरचित्रवाणीच्या छत्र्या मोजता मोजत नाहीत. इमारतींची तोंडे चहू दिशांना असली, तरी या छत्र्यांची तोंडे मात्र आग्नेयेच्या आसपासच वळलेली असतात. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटर अंतरावर, पृथ्वीच्या फिरण्याशी गती जुळवून फिरणारे आणि म्हणून जमिनीवरून स्थिर भासणारे उपग्रह त्या बाजूस आहेत. कारकुनाच्या दोन खोल्यांवरची छत्री आणि धनिकाच्या बंगल्यावरची छत्री एकाच आकाशाकडे टक लावून बसलेली असते. या समतेचे कौतुक करण्यासारखे आहे. परंतु छत्री निवडताना सामान्य कुटुंब ज्या दोन प्रश्नांपाशी थांबते, त्यांच्या पुढे एक तिसरा प्रश्न आहे आणि तो क्वचितच विचारला जातो.

वाहिन्या किती आणि दरमहा पैसे किती, हे ते दोन प्रश्न. जे आवडले ते मुद्रित करून ठेवता येईल काय, आणि ठेवलेले आपले राहील काय, हा तिसरा.

उसन्या उपग्रहाचा धडा

या देशात उपग्रहाद्वारे चित्रे थेट खेड्यात उतरविण्याचा पहिला मोठा प्रयोग १ ऑगस्ट १९७५ रोजी सुरू झाला. आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत जाळीच्या मोठ्या छत्र्या उभारण्यात आल्या. सकाळी शाळकरी मुलांसाठी आणि सायंकाळी गावकऱ्यांसाठी, असे दिवसाला चार तास कार्यक्रम होत. शेती, आरोग्य आणि शिक्षण हे त्यांचे प्रमुख विषय. मात्र एटीएस-६ हा उपग्रह अमेरिकेच्या ‘नासा’ने एका वर्षासाठी दिलेला होता. ३१ जुलै १९७६ रोजी मुदत संपली आणि उपग्रह परतीच्या वाटेला लागला. छत्री गावची, संच गावचा. पण चित्र उसने होते.

पुढे स्वदेशी उपग्रह आले, १९८२ मध्ये रंग आले, नव्वदीच्या दशकात केबलवाले आले. घरोघरच्या छोट्या छत्रीला केंद्र सरकारने नोव्हेंबर २००० मध्ये अनुमती दिली. २००३ मध्ये पहिली खासगी सेवा सुरू झाली आणि डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनने आपली विनाशुल्क सेवा आणली. तीच आज ‘डीडी फ्री डिश’ या नावाने ओळखली जाते.

निवड कशी करावी?

पहिली निवड याच दोन प्रकारांमध्ये आहे. फ्री डिशला छत्री आणि पेटी यांचा एकदाच खर्च येतो; मासिक वर्गणी नाही. दूरदर्शनच्या वाहिन्या, काही खासगी वाहिन्या आणि शैक्षणिक वाहिन्या तीवर मिळतात. परंतु एचडी, म्हणजे अतिस्पष्ट चित्राच्या, वाहिन्या तेथे मोजक्याच. खासगी सेवांत त्या विपुल आहेत, पण त्यांचे मोलही वेगळे द्यावे लागते. फेब्रुवारी २०१९ पासून लागू झालेल्या दरपद्धतीने प्रत्येक वाहिनी सुटी निवडण्याचा अधिकार ग्राहकाला दिला. कंपनीने बांधून दिलेला गठ्ठा घेण्याचे बंधन नाही. तरीही यादी वाचण्याचा कंटाळा करून असंख्य कुटुंबे गठ्ठाच घेतात आणि न पाहिलेल्या वाहिन्यांची वर्गणी वर्षानुवर्षे भरत राहतात.

दुसरा विचार पावसाचा. या लहरींची लांबी सुमारे अडीच सेंटिमीटर असते. छत्री लहान ठेवता येते ती त्यामुळेच; पण मुसळधार पावसाचे थेंब याच लहरी मोठ्या प्रमाणावर शोषून घेतात. जुन्या पद्धतीत पावसात चित्रावर मुंग्या येत, तरी माणसे ओळखू येत. आताचे चित्र आकड्यांच्या रूपाने येते. ते एक तर स्वच्छ दिसते, नाही तर थिजते. एचडी वाहिन्यांचे संकेत अधिक दाटीने भरलेले असल्याने बहुधा त्याच आधी जातात. कोकणात किंवा घाटमाथ्यावर राहणाऱ्याने साठ सेंटिमीटरऐवजी नव्वद सेंटिमीटरची छत्री बसविली, तर ती सव्वादोन पट संकेत गोळा करते. बसविणाऱ्याने ती घट्ट आवळली आहे काय आणि समोरचे झाड पावसाळ्यानंतर पालवून आड येणार नाही ना, हे पाहणे कंपनीच्या जाहिरातीहून अधिक महत्त्वाचे ठरते.

एचडीचे म्हणाल, तर साध्या चित्रात सुमारे चार लाख बिंदू असतात. एचडीत वीस लाखांहून अधिक. हा पाचपट फरक मोठ्या पडद्यावर क्रिकेटचा चेंडू किंवा रंगमंचावरील नटाची मुद्रा पाहताना स्पष्ट जाणवतो. लहान पडदा दहा फुटांवरून पाहणाऱ्याला तो फारसा कळत नाही. ज्याच्या घरी जुनाच संच आहे, त्याने शेजाऱ्याकडे आहे म्हणून एचडीचा भुर्दंड सोसण्यात शहाणपण नाही.

मुद्रण आणि मालकी

खरा पेच पुढे आहे. ऐंशीच्या दशकात व्हिडिओ कॅसेट आली, तेव्हा लोकांनी मालिका, नाटके, सामने फितींवर उतरवून घेतले. त्या फितींना पावसाळ्यात बुरशी लागे, चित्र दोन-चार वर्षांत फिकट होई. पण फीत ज्याची त्याची होती. ती कोणाच्याही यंत्रात चाले, शेजाऱ्याला देता येई.

आताची साधने कितीतरी समर्थ आहेत. दर सेकंदाला ८० लाख अंश या वेगाने येणारा एक तासाचा एचडी कार्यक्रम ३.६ गिगाबाइट जागा घेतो; म्हणजे ५०० गिगाबाइटच्या तबकडीत जवळजवळ १४० तास मावतात. परंतु सशुल्क सेवेच्या पेटीतील मुद्रण सामान्यतः सांकेतिक कुलपात बंद असते. ते त्या पेटीतच उघडते, दुसरीकडे नेता येत नाही. पेटी बिघडून बदलली की संग्रह गेला. काही सेवांत तर वर्गणी थांबताच तो पाहताही येत नाही. एका कंपनीची पेटी दुसरीला चालत नाही. ती चालावी अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने एप्रिल २०२० मध्ये केली. पण ग्राहकाच्या घरात त्याने काही बदलले नाही.

घरी पाहण्यासाठी कार्यक्रम उतरवून घेणे हा काही चोरीचा प्रकार नव्हे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९८४ मध्ये, पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने का होईना, कार्यक्रम सवडीने पाहण्यासाठी मुद्रित करणे वाजवी ठरविले. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ३९ तर अधिक स्पष्ट आहे. स्वतःच्या खासगी उपयोगासाठी, अथवा केवळ प्रामाणिक अध्यापन वा संशोधन यांसाठी, प्रक्षेपणाचे मुद्रण केल्याने प्रक्षेपकाच्या हक्काचा भंग होत नाही. मात्र २०१२ च्या दुरुस्तीने हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप फोडणे हा गुन्हा ठरविला, आणि किल्ली ग्राहकाला द्यावी असे बंधन मात्र कंपनीवर घातले नाही. कायद्याने दिलेला हक्क अशा रीतीने पेटीच्या दाराशी येऊन थबकतो.

कार्यक्रम बनविणाऱ्यांची बाजू पोकळ नाही. निर्दोष एचडी प्रत एकदा बाहेर पडली की तिच्या हजारो प्रती निघतात आणि लेखक, नट, तंत्रज्ञ यांच्या कष्टांचे मोल बुडते. सिनेमाला आणि सामन्यांना कुलूप हवे, हे मान्य करावे लागेल. पण तेच कुलूप भूगोलाच्या पाठाला कशासाठी?

येथे शिक्षकांनी लक्ष घालावे असे बरेच आहे. जुलै २०१७ मध्ये ‘स्वयंप्रभा’च्या ३२ शैक्षणिक वाहिन्या सुरू झाल्या आणि त्या फ्री डिशच्या छत्रीवर विनामूल्य उतरतात. विनाशुल्क सेवेवरील ज्या वाहिन्यांना कुलूप नाही, त्यांचे कार्यक्रम जोडणीची सोय असलेल्या अनेक साध्या पेट्यांतून पेन ड्राइव्हवर उतरविता येतात. ज्या गावात इंटरनेट रखडते, तेथे असा संग्रह शाळेच्या कपाटातील ग्रंथांइतकाच उपयोगी पडेल. तेव्हा पेटी घेण्यापूर्वी दुकानदाराला स्पष्ट विचारावे: मुद्रण करता येते काय, ते दुसऱ्या यंत्रात उघडते काय, वर्गणी थांबल्यावर राहते काय? उत्तर टाळले गेले, तर तेच उत्तर समजावे.

मालिका आणि चित्रपट आता इंटरनेटवरून हवे तेव्हा पाहता येतात, सशुल्क छत्र्यांचे ग्राहकही घटत आहेत, मग मुद्रणाचा खटाटोप कशाला, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. परंतु तेथेही कार्यक्रम आज असतो आणि करार संपला की उद्या नसतो. साधन बदलले, प्रश्न बदललेला नाही. १९७६ च्या ऑगस्टमध्ये २,४०० खेड्यांतील संचांना उसनवारीचा अर्थ कळला होता. वर्गणी भरणाऱ्या घरांना तो संग्रह हातचा गेल्यावर कळण्यापेक्षा छत्री बसविण्यापूर्वीच कळलेला बरा.