ताईचा प्रश्न आणि सल्ला न देणारे गट

माझी ताई बालरोग विभागात नर्स आहे. दिवाळीत करंज्या करता करता मध्येच म्हणाली, "गेल्या महिन्यात एक बाळ गेलं. त्याची आई माझा हात सोडेना, आणि मला तिचा चक्क राग येत होता. शेजारच्या बेडचं सलाइन संपत आलं होतं. हे कुणाला सांगायचं?" वॉर्डात बोलायला वेळ नाही, घरी बोललं की आईला घोर. मग म्हणाली, "आम्ही पाच-सहा जणी महिन्यातून एकदा बसायचं म्हणतोय, फक्त बोलायला. त्याने खरंच काही होतं का? तू पीएचडी करतेयस ना, वाचून सांग."

माझी पीएचडी जिवाणूंवर आहे, पण ताईला 'माझा विषय नाही' हे कारण चालत नाही. तर मंडळी, जे सापडलं ते तुम्हालाही सांगते.

अशा गटांची गोष्ट 1950च्या सुमारास लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये जाते. मायकेल बालिंट हे मूळचे बुडापेस्टचे मनोविश्लेषक. त्यांनी एनिड बालिंट यांच्यासोबत साध्या फॅमिली डॉक्टरांचे गट सुरू केले. 1957 साली आलेल्या त्यांच्या पुस्तकातली एक कल्पना मला फार आवडली: डॉक्टर स्वतःच एक औषध असतो, पण या औषधाचा डोस किती आणि दुष्परिणाम कोणते, हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नसतं.

बालिंट गटात साधारण आठ-दहा जण आणि एक-दोन प्रशिक्षित संचालक असतात. एक जण केसपेपर न बघता, मनात अडकून राहिलेल्या एखाद्या रुग्णाबद्दल सांगतो. बाकीचे दोन-चार खुलासे विचारतात. मग बऱ्याच गटांत सांगणारा आपली खुर्ची थोडी मागे घेतो आणि गप्प बसतो. आता बाकीच्यांनी बोलायचं: त्या रुग्णाच्या मनात काय चाललं असेल? मी तिथे असते तर मला काय वाटलं असतं? "तू असं करायला हवं होतंस" हे वाक्य मात्र बंद. (हे आपल्याकडे किती अवघड आहे, ते कुठल्याही हळदीकुंकवाला जाऊन बघा.)

ताईचीच गोष्ट अशा गटात ठेवून बघा. कुणी म्हणेल, त्या आईने हात धरला, कारण बाळाला शेवटचा लागलेला हात तोच होता. कुणी म्हणेल, मलाही राग आला असता, काहीच करता येत नसलं की माझा राग समोरच्यावरच निघतो. ताई फक्त ऐकतेय. तिला कुणी 'बिच्चारी' म्हणत नाही, की 'एवढं मनाला लावून घेऊ नकोस' असंही नाही.

बरं, पुरावा काय? बालिंट गटांवरचे बरेच अभ्यास लहान आहेत आणि प्रत्येकाची मोजपट्टी वेगळी, त्यामुळे ठाम बोलणं कठीण. त्यांचे एक चुलतभावंड म्हणजे अमेरिकेत जन्मलेले श्वार्ट्झ राउंड्स. तिथे तीन-चार कर्मचारी आपले अनुभव सांगतात आणि मग सगळ्या विभागांचे लोक त्यावर बोलतात. बहुतेक ठिकाणी खाणंही असतं. इंग्लंडमध्ये यावर मोठा अभ्यास झाला, 2018 साली प्रसिद्ध झाला. नियमित येणाऱ्यांमध्ये मानसिक ताणाखाली असलेल्यांचं प्रमाण आठ महिन्यांत 25 टक्क्यांवरून 12 टक्क्यांवर आलं. न येणाऱ्यांमध्ये ते 37वरून 34वर.

वाचायला छान वाटतं, पण सुरुवातीचेच आकडे बघा: 25 आणि 37. म्हणजे येणारे मुळातच जरा बरे होते. शिवाय कोण येणार हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं, ज्याला जमलं तो आला. माझ्या प्रयोगात असं झालं असतं तर गाईडने वही परत केली असती. परिणाम असावा असं मलाही वाटतं, पण तो नेमका केवढा, हे यावरून कळत नाही.

आणखी एक गोष्ट ताईला मुद्दाम सांगितली. धक्कादायक प्रसंगानंतर लगेच एकदाच बसवून सगळं बोलायला लावायचं, याला डीब्रीफिंग म्हणतात. त्याबद्दलच्या 2002 च्या कॉक्रेन आढाव्यात फायदा दिसला नाही, एका अभ्यासात तर नंतरचा त्रास वाढलेला दिसला. ते अभ्यास मुख्यतः अपघातग्रस्त आणि रुग्णांवरचे होते, नर्सेसवरचे नव्हेत. तरी जिचं बोलायचं मन नाही तिला बोलायला लावू नका, एवढं त्यातून नक्की घेता येईल.

सगळं ऐकून ताई म्हणाली, "म्हणजे धड हो नाही, धड नाही नाही." मग लगेच कामाचं विचारलं, "इन-चार्ज सिस्टरना बोलवायचं का?" जिच्या हातात आपली ड्यूटी लावणं आहे, तिच्यासमोर 'मला पेशंटच्या आईचा राग आला' असं तू म्हणशील का, असं मी उलट विचारलं. ती हसली.

पहिली बैठक पुढच्या रविवारी, एकीच्या घरी. ओळखीच्या एक निवृत्त समुपदेशक बाई संचालक म्हणून यायला तयार झाल्यात. पोहे ताई करणार आहे.