धुरातून येणारा आकडा

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात लॉकहार्ट नावाचं छोटं गाव आहे. 1999 साली राज्याच्या विधिमंडळाने ठराव करून त्याला ‘टेक्सासची बार्बेक्यू राजधानी’ हा मान दिला. तिथले मुरलेले कारागीर नुसता हात लावून सांगतात, मांस झालं की नाही. पण टेक्सासभर शनिवारी रात्री घरामागच्या अंगणात स्मोकर, म्हणजे धुरावर मांस शिजवायची भट्टी, पेटवणाऱ्या हजारो घरगुती मंडळींकडे ते हात नसतात. त्यांच्याकडे असते एक पोलादी सळई आणि उशाशी ठेवलेला एक छोटा पडदा. त्या सळईच्या टोकापासून पडद्यापर्यंत आकडा पोहोचतो कसा, हे एकदा समजलं की थर्मामीटर निवडणं खूप सोपं होतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, त्या प्रवासाची गंमत कळते.

त्या स्मोकरमध्ये रात्रभर ठेवतात ते ब्रिस्केट, म्हणजे गोमांसाचा छातीकडचा तुकडा. पाच-सहा किलोंचा, चिवट, कोलॅजनने भरलेला. तो झटपट भाजला तर चपलेच्या चामड्यासारखा होतो. म्हणून ओकच्या लाकडाच्या धुरात, 107 ते 120 अंश सेल्सियसच्या मंद उष्णतेत त्याला दहा-बारा तास, कधी त्याहूनही जास्त ठेवतात. साधारण 70 अंशांच्या पुढे कोलॅजन हळूहळू विरघळून त्याचं जिलेटिन होऊ लागतं. गाभा 95 अंशांच्या आसपास आला आणि सळई विनासायास आत सरकली, की तुकडा उतरवतात.

मधे एक विलक्षण गोष्ट घडते. पहिले काही तास आकडा नेमाने चढतो आणि 65 ते 75 अंशांच्या दरम्यान कुठेतरी थबकतो. तास जातो, दोन जातात, कधी चार-पाचही जातात. खाली आग तशीच आहे, लाकडं जळताहेत, पण मांस तापायला तयार नाही. जाणकार याला ‘स्टॉल’ म्हणतात. कुणी म्हणे चरबी वितळण्यात उष्णता जाते, कुणी म्हणे कोलॅजन ती खातं. ग्रेग ब्लॉन्डर या भौतिकशास्त्रज्ञाने ब्रिस्केटच्या जोडीला चरबीचा गोळा आणि पाण्याने भिजवलेला स्पंज तापवून पाहिला. चरबी न थांबता तापत गेली. स्पंज मात्र अडकला. म्हणजे हे काम बाष्पीभवनाचं. मांसातलं पाणी पृष्ठभागावर येतं, उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. आपल्या घरातला माठ उन्हाळ्यात पाणी गार ठेवतो तो याच नियमाने. इकडे धगधगत्या भट्टीतही तोच नियम मांसाला थोपवून धरतो!

अशा रात्री थर्मामीटरचं खरं काम सुरू होतं. आकडा तासन् तास हलत नसेल तर ते मांस थांबलंय की यंत्र बंद पडलंय, हे माणसाला कळलं पाहिजे.

सळईच्या टोकात बहुधा दोहोंपैकी एक गोष्ट असते. पहिली म्हणजे थर्मोकपल. 1821 साली थॉमस सीबेकला दिसलं, की दोन वेगळे धातू जोडून एक सांधा तापवला, तर जवळच्या चुंबकसूचीवर परिणाम होतो. धातूंच्या त्या जोडीत विजेचा दाब तयार होतो. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘के’ प्रकारच्या जोडीत हा दाब दर अंशाला सुमारे 41 मायक्रोव्होल्ट असतो. मांस 95 अंशांवर आणि यंत्र 25 अंशांवर असेल तर मिळतात तीन मिलिव्होल्टहूनही कमी. एवढ्याशा कुजबुजीतून यंत्र तापमान काढतं. आणि ही कुजबुज दोन टोकांमधला फरकच सांगते, म्हणून यंत्राला स्वतःचं तापमानही मोजत राहावं लागतं.

दुसरी गोष्ट थर्मिस्टर. 1833 साली मायकेल फॅरडेने नोंदवलं, की सिल्व्हर सल्फाइड तापवलं की त्यातून वीज अधिक सहज वाहते. धातूंच्या नेमकं उलट. थर्मिस्टरचा मणी याच स्वभावाचा. 25 अंशांना एक लाख ओहम रोध असलेला मणी 95 अंशांना आठ हजारांच्या आसपास येतो. बदल इतका ठळक, की स्वस्त यंत्रालाही तो सहज टिपता येतो. घरगुती वायरलेस थर्मामीटरमध्ये थर्मिस्टर जास्त दिसतात ते यामुळे.

याच स्वभावात एक धोका लपलेला आहे. सळई धुताना वायर जिथे पोलादात शिरते तिथून पाणी आत गेलं, तर विजेला आडवाट मिळते आणि रोध कमी भरतो. रोध कमी म्हणजे तापमान जास्त, असा यंत्राचा हिशेब. कच्चं मांस शिजल्यासारखं दाखवणारी सळई बहुतेक वेळा अशी आतून ओली झालेली असते. म्हणून ही वायर पाण्यात बुडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. विकत घेताना तो सांधा किती नीट बंद केलाय ते आधी पाहावं, पडद्याची चमक नंतर. सुटी सळई वेगळी विकत मिळते ना, हेही विचारावं. यंत्राआधी सळईच जाते.

आता रेडिओलहरी. वायरलेस या एकाच नावाखाली दोन वेगळ्या रचना विकल्या जातात. एकीत सळईची पोलादी जाळीची वायर झाकणाच्या फटीतून बाहेर येते आणि बाहेरचा ट्रान्समीटर आकडा पाठवतो. दुसरीत वायरच नसते. बॅटरी, चिप, अँटेना सगळं त्या बोटभर सळईत, आणि सळई मांसात. ही दुसरी मला फार थक्क करते. तिच्यातली इलेक्ट्रॉनिक्स बहुतेक वेळा 100 अंशांच्या पुढे टिकत नाही, तरी ती त्याहून तापलेल्या भट्टीत रात्र काढते. कारण ओल्या मांसाचा गाभा त्या रेषेपलीकडे जात नाही. शिजायला ठेवलेलं मांसच तिची ढाल होतं. म्हणून सळईवरच्या खुणेपर्यंत ती आत खुपसायलाच हवी. ‘मॉडर्निस्ट क्विझीन’ या ग्रंथाचे एक सहलेखक ख्रिस यंग यांच्या ‘कम्बशन’ कंपनीने तर एका सळईत आठ संवेदक बसवले. टोक नेमकं गाभ्यात गेलं नाही तरी आठांमधला सर्वात थंड बिंदू शोधून गाभा कळतो. सुरेख कल्पना आहे.

पण वायर नसलेल्या सळईच्या संदेशाची वाट खडतर आहे. ब्लूटूथ चालतं 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे मायक्रोवेव्ह ओव्हनच्या शेजारच्याच लहरींवर. या लहरी पाण्यात झपाट्याने शोषल्या जातात आणि मांस बहुतांशी पाणीच असतं. म्हणून अँटेना सळईच्या बाहेर राहणाऱ्या टोकात ठेवतात. तिथून निघालेल्या लहरीभोवती पुन्हा स्मोकरची पोलादी पेटी असते; पोलाद लहरी अडवतं, म्हणून ती झाकणाच्या फटींतून आणि झडपांमधून कशीबशी बाहेर पडते. पुढे घराच्या भिंती. खोक्यावर छापलेला पल्ला मोकळ्या मैदानातला, मधे काही आड नसतानाचा असतो. तो अंगणातून शयनघरापर्यंत टिकेल असं मुळीच धरून चालू नये.

433 किंवा 915 मेगाहर्ट्झवर चालणारी, स्वतःचा रिसीव्हर असलेली यंत्रं इथे सरस ठरतात. लहरी लांब, भिंतींमधून जास्त निभावणाऱ्या. शिवाय फोन, राउटर, कंपनीचा सर्व्हर यांपैकी कशावरही अवलंबून नाहीत. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून असं यंत्र मागवणाऱ्यांनी मात्र एक पाहावं. तिकडे 902 ते 928 मेगाहर्ट्झ पट्टा परवान्याशिवाय वापरता येतो. भारतात त्या भागात मोबाइल सेवा चालते आणि परवानामुक्त पट्टा 865 ते 868 मेगाहर्ट्झचा आहे.

सळया दोन हव्यात. एक मांसात, दुसरी जाळीवर, मांसापासून चार-पाच सेंटिमीटर दूर. स्मोकरच्या झाकणावरची तबकडी झाकणाजवळची हवा मोजते, मांस मात्र खाली असतं, आणि दोहोंत कितीतरी अंशांचा फरक पडतो. वायर नसलेल्या सळयांच्या मागच्या टोकातही भट्टीचं तापमान मोजणारा संवेदक असतो, पण तो गार, ओल्या मांसाला खेटून असल्यामुळे सुरुवातीला कमीच दाखवतो. त्यावर विसंबून आग वाढवली तर स्वयंपाक बिघडतो.

खरेपणा घरीच तपासता येतो. पेला चुरलेल्या बर्फाने काठोकाठ भरा, फटी भरतील इतकंच पाणी घाला, ढवळा आणि सळईचं टोक मधोमध धरा. तळाला किंवा काचेला लागू देऊ नका. आकडा शून्याच्या अर्ध्या-एक अंशात आला पाहिजे. उकळत्या पाण्याची परीक्षा घेताना आपण कुठे आहोत हे ध्यानात ठेवावं. मुंबईत पाणी 100 अंशांना उकळतं, पुण्यात सुमारे 98 ला, महाबळेश्वरला साडेपंच्याण्णवच्या आसपास. पुण्यात 100 दाखवणारी सळई चुकते आहे.

माझं मत विचाराल तर रात्रभराच्या ब्रिस्केटसाठी वायरच्या दोन सळया, बाहेर ट्रान्समीटर आणि उशाशी स्वतंत्र रिसीव्हर हीच जोडी घ्यावी. वायर नसलेली सळई कोंबडीसाठी, फिरत्या सळाखेवरच्या भाजणीसाठी, जवळ बसून करायच्या दोन-तीन तासांच्या कामासाठी उत्तम. आणि पैसे देण्याआधी संपर्क तुटल्यावर यंत्र ओरडतं का, हे विचारा. काही यंत्रं संपर्क गेल्यावरही शेवटचा आकडा तसाच दाखवत राहतात, आणि स्टॉलच्या तासांत न हलणारा आकडा पाहून कुणालाही शंका येत नाही. घरी आणल्यावर रिसीव्हर रात्री जिथे ठेवणार तिथे ठेवा, अंगणातला ट्रान्समीटर मुद्दाम बंद करा आणि थांबा. काही मिनिटांत गजर झाला नाही, तर यंत्र दुकानात परत द्या.