रक्तातले अल्ब्युमिन रक्तातच राहते का?

शाळेच्या आकृतीत केशवाहिनीची भिंत एका रेषेने दाखवलेली असते. प्राणवायू, साखर आणि पाणी यांचे बाण त्या रेषेतून आरपार जातात, प्रथिने मात्र आत अडकलेली. ‘प्रथिनांचे रेणू मोठे, म्हणून ते रक्तवाहिनीबाहेर पडत नाहीत’ हे वाक्य त्या आकृतीबरोबरच पाठ होते. पुढे कधी रिपोर्टमध्ये अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन कमी दिसले किंवा पाय सुजले, की घरात होणारे बरेचसे गैरसमज याच वाक्यातून निघतात.

मुळात ते वाक्यच चूक आहे. मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण ३ लिटर रक्तद्रव असतो आणि त्यात लिटरमागे सुमारे ४० ग्रॅम अल्ब्युमिन, म्हणजे एकूण १२० ग्रॅम. पूर्ण निरोगी माणसातही त्यातले सुमारे ५ टक्के दर तासाला केशवाहिन्यांच्या भिंतीतून ऊतींमध्ये उतरते. तासाला ६ ग्रॅम धरले तर दिवसाला १४४ ग्रॅम होतात, रक्तात एका वेळी असते त्याहून जास्त! यकृत रोज नवे अल्ब्युमिन तयार करते ते जेमतेम १० ते १५ ग्रॅम. तेव्हा बाहेर गेलेले परत येत नसते तर दिवसभरातच रक्ताची दैना झाली असती. ते परत येते लसीकावाहिन्यांतून, गळ्याच्या मुळाशी मोठ्या शिरांमध्ये. शरीरातले निम्म्याहून अधिक अल्ब्युमिन कोणत्याही क्षणी रक्ताबाहेर असते, त्यातले बरेचसे त्वचेत आणि स्नायूंत. हा बिघाड नव्हे. प्रतिपिंडेही प्रथिनेच असतात. ती रक्तातच कोंडून राहिली तर स्नायूत शिरलेल्या जंतूपर्यंत पोहोचणार कशी?

सगळ्या केशवाहिन्या सारख्या असतात, हाही एक समज. यकृतात त्यांच्या भिंतीला मोठी भोके असतात, तिथून प्रथिने जवळजवळ मोकळी ये-जा करतात. मेंदूत त्यांना जवळपास बंदीच. स्नायूंतली भिंत या दोन टोकांच्या मध्ये, पण बरीच घट्ट. तरीही शरीराच्या वजनाचा मोठा वाटा स्नायूंचा असल्यामुळे तिथली बारीक गळतीही एकूण हिशेबात भरते.

या घट्ट भिंतीतून अल्ब्युमिन नेमके जाते कुठून? १९५१ मध्ये पॅपेनहायमर आणि सहकाऱ्यांनी मांजराच्या मागच्या पायावर प्रयोग करून दाखवले, की भिंतीतली छिद्रे तिच्या पृष्ठभागाचा ०.२ टक्काही व्यापत नाहीत. या लहान छिद्रांची त्रिज्या ४ ते ५ नॅनोमीटर भरते आणि अल्ब्युमिनच्या रेणूची सुमारे ३.५, म्हणजे रेणू कसाबसा घुसतो. १९५६ मध्ये स्वीडनच्या ग्रोटे यांनी मांडले, की हजारो लहान छिद्रांमागे एखादे २० ते ३० नॅनोमीटर त्रिज्येचे मोठे छिद्रही असते आणि मोठे रेणू तिथून जातात. मधल्या काळात, १९५३ मध्ये, पॅलाडे यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली भिंतीच्या पेशींत असंख्य बारीक पिशव्या दिसल्या होत्या. या पिशव्याच प्रथिने उचलून पलीकडे सोडतात, असे मग अनेकांनी धरले. ही कल्पना आकर्षक होती, पण या पिशव्या तयारच होत नाहीत असे उंदीर २००१ मध्ये घडवले गेले आणि त्यांच्या रक्तातून अल्ब्युमिन बाहेर जाणे थांबले नाही; उलट वाढलेले आढळले. वाद अजून मिटलेला नसला, तरी स्नायूंच्या बाबतीत मला छिद्रांचे पारडे जड वाटते.

सर्वांत चिवट गैरसमज डॉक्टरांच्याही पाठ्यपुस्तकांत राहिला. अर्नेस्ट स्टार्लिंग यांच्या १८९६ च्या संशोधनावर आधारलेले चित्र असे: केशवाहिनीच्या सुरुवातीला दाबामुळे पाणी बाहेर पडते आणि शेवटी प्रथिनांच्या ओढीने जवळपास तेवढेच परत आत येते. १९८७ मध्ये मिशेल आणि फिलिप्स यांनी बेडकाच्या एकेका केशवाहिनीवर हे तपासले. दाब एकदम कमी केल्यावर पाणी आत आले खरे, पण काही मिनिटांपुरतेच. मग ते पुन्हा हळूहळू बाहेर झिरपू लागले. भिंतीच्या आतल्या बाजूला शर्करायुक्त रेणूंचा मऊ थर असतो. प्रथिने अडवण्याचे मुख्य काम तो करतो, आणि प्रथिनांची ओढ त्या थराच्या दोन बाजूंमधल्या फरकावर ठरते, बाहेरच्या ऊतीतल्या प्रमाणावर नव्हे. पाणी आत येऊ लागले की थरामागे प्रथिने साचतात आणि ओढ सैल पडते. म्हणून स्नायूंत एरवी झिरपलेले पाणी परत नेते ते मुख्यतः लसीका. अचानक रक्तस्राव झाला तर मात्र स्नायूंतले पाणी थोडा वेळ रक्तात ओढले जाते, आणि त्याचा जीव वाचायला उपयोग होतो.

आता सुजेकडे येऊ. ‘सूज आली म्हणजे प्रथिने कमी पडली’ हे सरसकट खरे नाही. जन्मतःच अल्ब्युमिन जवळजवळ नसलेली मोजकी माणसे जगात आहेत आणि त्यांना सूज असली तरी सहसा किरकोळच असते. इतर प्रथिने थोडी भर घालतात आणि लसीका जास्त वाहून नेते. ‘अल्ब्युमिनची बाटली चढवली की माणूस सावरतो’ हा विश्वासही तपासून घ्यायला हवा. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये अतिदक्षता विभागांतल्या सुमारे ७,००० रुग्णांवर झालेल्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अल्ब्युमिन आणि साधे सलाइन यांत २८ दिवसांच्या मृत्युदराचा फरक आढळला नाही. गंभीर आजारात भिंत जास्त गळू लागते आणि चढवलेले अल्ब्युमिनही लवकर बाहेर पडते. काही आजारांत, उदाहरणार्थ यकृत खराब होऊन पोटात साचलेले पाणी मोठ्या प्रमाणात काढल्यावर, ते खरोखर लागते. पण ते कारण डॉक्टरांना विचारल्याशिवाय महागडी बाटली आणायला धावू नये.

उलट टोक पूर्व विदर्भात आजही दिसते. हत्तीरोगात रक्तातले अल्ब्युमिन अगदी व्यवस्थित असते, पण जंतांमुळे लसीकावाहिन्या निकामी होतात. बाहेर पडलेल्या प्रथिनांची परतीची वाट बंद होते, ती मुख्यतः त्वचेखाली साचतात, पाणी धरून ठेवतात आणि कालांतराने त्वचा जाड, कडक होते. अशा पायावर लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी फारसे काही होत नाही, कारण पाणी थोडे उतरले तरी प्रथिने तिथेच राहतात. पाय रोज साबणाने धुऊन कोरडा करणे, बोटांमधल्या भेगांवर लगेच उपचार घेणे, बसताना-झोपताना पाय उंच ठेवणे आणि घोटा हलवत राहणे यांनी फरक पडतो. घोटा हलला की पोटरीचे स्नायू आखडतात, सैलावतात आणि उरलीसुरली लसीका वर ढकलली जाते.