मीठ नसेल तर चूल थांबवा

मी शब्दांचा माणूस, म्हणून संगणकातल्या ‘सॉल्ट’ने माझे लक्ष वेधले. पासवर्ड साठवताना त्यात प्रत्येकासाठी वेगळे, कसेही पडलेले आकडे मिसळतात आणि मग त्याचा ठसा ठेवतात. हेच ते मीठ. ते नसेल तर एकच पासवर्ड असणाऱ्यांचे ठसे सारखे उमटतात. चोराला एका अंदाजात सारे सापडतात.

आकड्यांचा झराच आटला तर? २००६ मध्ये डेबियन प्रणालीत एका दुरुस्तीने तो आटला. गुप्त किल्ल्या बनत राहिल्या, पण प्रत्येक प्रकारच्या जेमतेम ३२,७६८! मे २००८ मध्ये हे उघड झाले. तोवर यंत्र कुरकुरले नव्हते.

म्हणून आकडे मिळाले नाहीत तर शून्यावर किंवा घड्याळावर भागवू नये. काम थांबवावे, चूक कळवावी. बंद दाराची तक्रार लगेच येते. उघड्या दाराची, चोरी झाल्यावरच.